जाताना रस्त्याने, येताना विमानाने

६ मार्च

प्रिय आत्या,

नमस्कार. पत्र बघून चमकशील. पण फोनवर बाबा "बरं आहे, ठेवतो" एवढंच बोलतात आणि तू फोन हातभर लांब धरून ओरडतेस. माझं तुला ऐकू येत नाही आणि तुझं अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून लिहायला बसले.

काल मी पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडाले. शेजारी कॅप्टन होते, मी सह-वैमानिक. तुमच्या शहरात उतरलो आणि पाऊण तासात परत फिरलो, त्यामुळे विमानतळाबाहेर पाऊलही टाकता आलं नाही. परतीला पहिल्या रांगेतली खिडकीची जागा बाबांच्या नावावर होती. ती रिकामीच आली.

काय ठरलं होतं ते तुला माहीत आहे. या दोन शहरांमधल्या रस्त्यावर बाबांनी जन्मभर बस चालवली. घाट धरून चौदा तास. मी शाळेत असताना म्हटलं होतं, मला विमान चालवायचंय. आई हसली होती. बाबांनी मात्र फक्त विचारलं होतं, "तेवढंच अंतर तू किती वेळात नेशील?" मी म्हटलं, एका तासात. "मग तुझी पहिली सवारी मी," ते म्हणाले. आई गेली त्या वर्षीही हा करार मोडला नव्हता. गेल्या महिन्यात मला हाच मार्ग मिळाला तेव्हा त्यांचं नाचायचंच बाकी राहिलं होतं. "जाताना माझ्या रस्त्याने जातो, येताना तुझ्या विमानाने येतो," असं म्हणून ते मुद्दाम चार दिवस आधी बसने तुझ्याकडे आले. बाबा आजवर विमानात बसलेले नाहीत. पहिल्यांदा बसायचं ते माझ्याच, असा हट्ट होता.

आणि काल सकाळी निरोप काय, तर पोट बिघडलंय. आत्या, खरंच पोट बिघडलं होतं का?

तुझी,
भिंगरी

---

९ मार्च

भिंगरे,

अनेक आशीर्वाद. आधी तुझं कौतुक करते, मग तुझ्या बापाचं बघू. आपल्या घराण्यात शिडीवर चढलं तरी चक्कर येणारी माणसं. तू कुणावर गेलीस देव जाणे. गल्लीतल्या एकूण एक माणसाला मी सांगून आले. इस्त्रीवाल्याला तर दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा तो म्हणाला, "हो का?"

पोटाचं म्हणशील तर बिघडलं होतं. माझ्याच हातचं खाल्लं, म्हणजे खापर माझ्याच डोक्यावर. वर सर्दी झाली, कानांना दडे बसले. अशा कानांनी विमानात बसू नये म्हणतात, ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. चार दिवस राहू दे त्याला. मला दवाखान्याच्या कोटांची मोठी ऑर्डर आली आहे, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तो बिचारा कापणीच्या टेबलाशी खाली मान घालून बसलेला असतो आणि पडलेल्या टाचण्या वेचून देतो. तेवढीच मला मदत.

राग धरू नकोस. बाप आहे तो, पळून जातो कुठे.

तुझी,
आत्या

---

१८ मार्च

प्रिय आत्या,

सर्दी किती दिवस राहते गं? या दोन आठवड्यांत मी सहा वेळा तुमच्याकडे येऊन गेले. दर वेळी परत निघताना प्रवाशांची यादी मागून बघते. विमानातली आमची परिचारिका मुलगी आता न मागता सांगते, "नाहीत, मॅडम." मला त्या पोरीची लाज वाटायला लागली आहे.

तू लिहिलंस, बाबा दिवसभर खाली मान घालून बसतात. बाबा? ज्यांनी डेपोच्या मॅनेजरसमोर कधी मान खाली घातली नाही, ते? माणूस मान खाली घालतो ते काहीतरी लपवायचं असलं की. मग मला ती फाटकाची गोष्ट आठवली. मी गाडी शिकत होते तेव्हा शेजाऱ्यांच्या फाटकाचा खांब आडवा केला होता. बाबा खाली उतरले, खांबाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "या पोरीच्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही." तेव्हा आपण सगळे हसलो होतो. मीही.

डेपोतले निम्मे ड्रायव्हर त्यांनी तयार केलेत. पोरगा स्टीअरिंगला हात कसा लावतो त्यावरून ते ओळखायचे, याच्या हाती पन्नास माणसं द्यायची की नाही. माझ्यात त्यांना काही दिसलं का? घाबरतात का ते माझ्यासोबत यायला? मला खरं सांग. कॅप्टनने शंभर वेळा "छान" म्हटलं तरी मला त्याचं काही नाही. मला बाबांनी बसायला हवंय.

भिंगरी

---

२१ मार्च

भिंगरे,

याला म्हणतात सुतावरून स्वर्ग गाठणं. सूत माझ्या दुकानात आणि स्वर्गात तू.

तो घाबरत नाही. तुझा फोटो त्याने माझ्या शिवणयंत्राला चिकटवलाय, सुई वर-खाली होते तशी तू पण हलतेस. गिऱ्हाइकांना वाटतं, दुकानाची जाहिरात आहे. आता त्याचा गुडघा धरलाय. डॉक्टर म्हणाले, आराम करा. म्हणून आराम चाललाय.

यापुढे मला खोदून विचारू नकोस. मी शिंपीण आहे, वकील नाही. थोडी कळ काढ.

आत्या

---

२८ मार्च

आत्या,

पोट, कान, गुडघा. अजून काय काय उरलंय ते एकदाच लिही, म्हणजे टपालखर्च वाचेल.

काल बाजारात भोंगाकाका भेटले. बाबांचे जुने जोडीदार, ज्यांच्या आवाजामुळे बसला हॉर्न लागायचा नाही, तेच. मला बघून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, तुझ्या बाबाचा फोन होता. घाट टाळून खालच्या सपाटीच्या रस्त्याने घरी यायचंय म्हणे. बस कुठे कुठे बदलायची विचारत होता. मी म्हटलं, अरे, तीन बस आणि दोन दिवस. तर म्हणाला, लागू देत दोन दिवस."

मी पिशवी घेऊन तिथेच उभी राहिले. काकांना वाटलं, मला आनंद झाला.

म्हणजे गुडघा दुखणारा माणूस तीन बस बदलून, दोन दिवस धक्के खात यायला तयार आहे. माझ्या विमानात एक तास बसायला तयार नाही. आता मला कुणी काही समजावून सांगायची गरज नाही.

कंपनीने विचारलंय, दूरच्या तळावर जायला कोण तयार आहे. ५ तारखेच्या आत नाव द्यायचंय. मी देणार आहे. तिथून तुमच्या बाजूला एकही विमान येत नाही, त्यामुळे बाबांना रोज नवीन दुखणं शोधावं लागणार नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस, तू आपलं भावाचं पाहिलंस.

मी

---

३१ मार्च

भिंगरे,

नाव देऊ नकोस. आधी हे पत्र पुरं वाच, मग काय करायचं ते कर.

मी तुझ्या बापाला वचन दिलं होतं, ते आज मोडते आहे. तो आत झोपलाय, पालथा. तो पालथा का झोपलाय तेच तुला सांगायचंय.

तो आला त्या दिवशीच म्हणाला, उजव्या डोळ्यात एका कडेने काळा पडदा सरकत येतोय. मी म्हटलं, चौदा तास खिडकीत बसून आलास, डोळे शिणले असतील. सकाळी उठला तर पडदा अर्ध्यावर आलेला. मी दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला डोळ्यांच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा आतला पापुद्रा सुटला आहे, लगेच ऑपरेशन केलं नाही तर डोळा जाईल. तुझ्या त्या पहिल्या उड्डाणाच्या दोन दिवस आधी ऑपरेशन झालं.

आता नीट ऐक. तो पापुद्रा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरलाय. तो आपला आपण हळूहळू विरतो, पाच-सहा आठवडे लागतात. भूल उतरल्यावर तुझ्या बापाने पहिला प्रश्न काय विचारला, तर "गुरुवारी विमानात बसू ना?" डॉक्टर म्हणाले, बसलात तर उंचीवर बुडबुडा फुगेल आणि डोळा कायमचा जाईल. विमान नाही आणि घाटही नाही, तोही फार उंच. मनगटावर पिवळी पट्टी बांधली आहे, "विमानप्रवास वर्ज्य." ती तो बाहीत लपवतो.

बुडबुडा योग्य जागी राहावा म्हणून पहिले आठ दिवस सारखी मान खाली. जेवताना खाली, चालताना खाली. दुकानात गिऱ्हाईक यायचं, याला बघायचं आणि काय हरवलं म्हणून तेही खाली शोधू लागायचं. एका बाईंनी तर शेवटी स्वतःचं कानातलं काढून दिलं, हेच का म्हणून. टाचण्यांचं मी खोटं लिहिलं नव्हतं. एवढ्या टाचण्या मला दहा वर्षांत सापडल्या नव्हत्या.

तुला का सांगितलं नाही? डॉक्टरांनी सहज म्हटलं, मुलांचेही डोळे तपासून घ्या, कधी कधी घराण्यात असतं. झालं. त्याने मनाशी धरलं की हे तुझ्या कंपनीला कळलं तर तुझं लायसन्स जाईल. "माझ्या डोळ्यापायी पोरीचं विमान जायला नको," एवढं एकच घोकत बसलाय. मी म्हटलं, अरे, तिला विचारून तर बघ. तर म्हणाला, विचारलं की तिला कळलंच.

आणि ते दोन दिवसांच्या बसचं. तू रुसली आहेस हे त्याला तुझ्या आवाजावरून कळलं. घाट नाही, विमान नाही, तर सपाटीने जातो, पण तिच्या समोर जाऊन उभा राहतो, असं त्याने ठरवलं. डॉक्टरांनी तेही नको म्हटलं, तीन बसचे धक्के डोळ्याला सोसायचे नाहीत. तू समजलीस नेमकं उलटं. चूक तुझी नाही. एक खोटं झाकायला मी तीन खोटी बोलले आणि तीही धड जमली नाहीत.

आता मारायचं तर मला मार. त्याला नको, त्याला धक्का लागता कामा नये.

आत्या

---

३ एप्रिल

आत्या, माझी आत्या,

जीव भांड्यात पडला. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय हे वाचून कुणाला हायसं वाटतं का? पण वाटलं. मी पत्र हातात घेऊन जिन्यातच बसले आणि हसले आणि रडले. वरच्या मजल्यावरचे सर पाणी घेऊन आले.

नाव दिलेलं नाही. देणार नाही.

आता डोळ्यांचं. बाबांना सांग, नाही, मीच येऊन सांगते. दरवर्षी आमच्या डोळ्यांत थेंब घालून आतपर्यंत तपासतात. तरीसुद्धा काल मी आपणहून कंपनीच्या डॉक्टरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी लगेच मोठ्या तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन्ही डोळे ठणठणीत आहेत. डॉक्टरांनी वडिलांचं दुखणं कागदावर लिहून घेतलं, म्हणाले, दरवर्षी दाखवत चला, आणि वर विचारलं, "ते बरे आहेत ना?" एवढंच. ज्याच्यासाठी बाबांनी महिनाभर जीव टांगणीला लावला, ते चहाचा कप संपायच्या आत मिटलं.

तू एवढं सांगितलंस, तर मीही एक सांगते. पहिल्या दिवशी तुमच्याकडचं लँडिंग मी असं आपटलं की मागे एक बाळ दचकून रडायला लागलं आणि एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या, जिवंत उतरलो म्हणून. त्यानंतर बाबा आले नाहीत हे कळलं तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला सुटल्यासारखं झालं होतं. परतीचंही तसंच झालं तर निदान त्यांनी बघितलं नाही. मग दिवसभर तेच मनाला खात राहिलं. बाबांना माझ्यात काहीतरी दिसलं असेल, ही शंका मुळात माझीच होती. ती मी त्यांच्या नावावर टाकली.

परवा सुट्टी आहे. सकाळच्या विमानाने येते, या वेळी प्रवासी म्हणून. त्यांना आधी सांगू नकोस, उठून उभे राहतील.

तुझी भिंगरी

---

१६ एप्रिल

भिंगरे,

तू येऊन गेल्यापासून माझा भाऊ मला पुन्हा ओळखू येतो. आधी घरात वावरायचा तो कुणीतरी चोरच होता. तू त्याची बाही वर सरकवून ती पिवळी पट्टी वाचलीस, तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की मला आत जाऊन उगाच भांडी घासावी लागली.

आता बातमी. बुडबुडा गेला.

गेला आठवडाभर तो रोज सकाळी मला त्याचा आकार सांगायचा. डोळ्यात खाली काठाशी हलतो म्हणे, गवंड्याच्या पातळीच्या बाटलीत हलतो तसा. वाटाण्याएवढा झाला, मग मुगाएवढा, मग मोहरीएवढा. मंगळवारी सकाळी उठला आणि खोलीत इकडेतिकडे बघायला लागला. मी म्हटलं, काय हरवलं? "बुडबुडा," म्हणाला.

काल इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी पुष्कळ वेळ बघितलं. पापुद्रा पक्का बसलाय. मोठी अक्षरं वाचतो, सरळ रेघ अजून थोडी वाकडी दिसते, तीही पुढे सुधारेल म्हणाले. पूर्वीसारखा डोळा होणार नाही, पण डोळा आहे. डॉक्टरांनी कात्री घेतली आणि ती पट्टी कापून टाकली. म्हणाले, आता कुठेही जा, हवं तर आज संध्याकाळच्या विमानाने जा. तर तुझा बाप म्हणतो, "आज नको. आज दुसरं कुणी असेल."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मी समजावून सांगितलं, तर ते खुर्चीतून उठून त्याच्याशी हात मिळवून गेले.

तू जाताना लिहून ठेवलेली तारीख बघून तिकीट काढलंय, २३ ची सकाळ. नवा सदरा मी शिवलाय. आता एवढं बघ, त्या आजोबांवर टाळ्या वाजवायची वेळ आणू नकोस.

तुझी,
आत्या

---

२४ एप्रिल

प्रिय आत्या,

बाबा काल आले. माझ्या विमानाने आले.

तू विमानतळावर सोडलंस तोवरचं तुला माहीत आहे. पुढचं ऐक. आमचं दार बंद असतं, त्यामुळे ते कुठे बसलेत, कसे बसलेत मला काही दिसणार नव्हतं. नुसतं माहीत होतं की दाराच्या पलीकडे, पहिल्या रांगेत, खिडकीशी ते आहेत. कॅप्टन म्हणाले, आज घोषणा तुम्ही करा. मी हवामान सांगितलं, उंची सांगितली, आणि एका तासात पोहोचू म्हणताना माझा आवाज जरा चिरकला. घाटावरून जाताना ढग मोकळे झाले होते. खाली त्यांचा रस्ता स्वच्छ दिसत होता, सगळ्या वळणांसकट. मला वाटलं, आता ते खिडकीला नाक लावून बघत असतील, ते कुठलं वळण आणि ते कुठलं.

उतरताना मी श्वास धरून होते. चाकं कधी टेकली ते मलाच कळलं नाही. कॅप्टन काही बोलले नाहीत. ते चुकलं तरच बोलतात.

दार उघडलं, मी बाहेर आले. लोक उतरत होते आणि आमची ती मुलगी तोंडावर हात धरून हसत होती. म्हणाली, "मॅडम, तुमचे बाबा अजून उठले नाहीत." बघते तर तुझा नवा सदरा घालून, चष्मा मांडीवर, मान कलंडलेली, तोंड उघडं. ती म्हणाली, विमानाने जमीन सोडली आणि यांचा डोळा लागला, तो आता हलवलं तरी उघडत नाही. घोषणाही ऐकली नाही.

तुला सांगते, माझा विरस झाला. एवढी वर्षं वाट बघितली, एवढे आठवडे रडारड केली, आणि या माणसाने एक ढगसुद्धा पाहिला नाही.

माझीच गाडी आणली होती. बाबा पुढे बसले. अर्ध्या वाटेत मला राहवेना. म्हटलं, "बाबा, खाली तुमचा घाट दिसत होता. आणि तुम्ही झोपलात?" आधी म्हणाले, झोपलो कुठे, डोळे मिटून ऐकत होतो. मग म्हणाले, रात्री झोप झाली नव्हती. चौकात सिग्नल लाल होता, तिथे खरं बोलले.

"अगं, उभ्या जन्मात दुसऱ्याच्या हातात गाडी असताना मी झोपलो नाही. लांबच्या फेरीला दोघं ड्रायव्हर असायचे, अर्ध्या वाटेवर भोंग्या चालवायचा आणि मला मागच्या बाकावर झोपायची मुभा होती. माझा नुसता उजवा पाय ब्रेक शोधत असायचा. तुझ्या आईने एकदा रिक्षा केली तरी मी ब्रेक शोधायचो. काल रात्री ठरवलं होतं, सगळं नीट बघायचं. विमान सुटलं आणि मी पायाकडे बघितलं. तो गप्प होता. मग मला इतकं बरं वाटलं की कधी झोप लागली कळलंच नाही."

सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मला समोरचं धड दिसेना, म्हणून गाडी बाजूला घेतली. बाबांनी खिशातून रुमाल काढून दिला. नंतर घरापर्यंत ते पुन्हा झोपले.

तुझी,
भिंगरी